जावयाच्या जेवणाचा नमुना

अक्काला मुलगी नव्हती, तरी जावई होता. सहा वर्षांपूर्वी तो हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन बसला, तेसुद्धा आमंत्रण मिळाल्यासारखा. रंगाने मळकट पिवळा, एक कान उभा, एक पडलेला. अक्काने उरलेला भात आणि सूप कालवून पुढे ठेवलं. त्याने वास घेतला, तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत बसला. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जावई लागून गेलास की काय रे?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. आठवड्याभरात तो तिच्या घरी राहायला गेला आणि घरजावई झाला. हुंडा म्हणून त्याने सोबत पिसवा आणल्या.

अक्का त्या हॉस्पिटलची मुख्य आचारी. अठ्ठावीस वर्षं रोज दोनशे रुग्णांचं जेवण तिच्या हाताखालून गेलं होतं. तिथे तिचे दोन नियम होते, आणि ते मोडणाऱ्याची ती डॉक्टर असला तरी गय करत नसे. पहिला नियम म्हणजे तिने चाखल्याशिवाय एकही भांडं वॉर्डात जायचं नाही. बिनमिठाचं सूप असो, बिनसाखरेची खीर असो, ती चाखणारच. एकदा एका तरुण डॉक्टरने तिला नळीवाल्या रुग्णाची पेज चाखताना पाहिलं आणि तो हसला. "अक्का, ती नळीतून थेट पोटात जाणार. चव कुणाला कळणार?"

"मला," अक्का म्हणाली.

दुसरा नियम असा की प्रत्येक भांड्यातलं दोन चमचे अन्न छोट्या डबीत काढून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायचं. डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वर तारीख, खाली चव. वर वॉर्डात कुणाचं पोट बिघडलं तर दोष स्वयंपाकघराचा की नाही ते त्या डबीवरून कळतं. अठ्ठावीस वर्षांत एकाही डबीवर बोट ठेवायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि याचा अक्काला एवढा गर्व होता की विचारू नका.

आता माणूस घरी गेला म्हणून त्याचा हात काही बदलत नाही. जावयाचं पोट म्हातारपणी नाजूक झालं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला पाकिटातलं खाणं द्यायला सांगितलं. अक्का ते कोमट पाण्यात भिजवायची, चमचाभर चाखायची, दोन चमचे डबीत काढायची, चिठ्ठी लावायची, मग वाटी खाली ठेवायची. तिची भाची एकदा थंड पाण्याच्या बाटलीसाठी फ्रिज उघडून उभी राहिली आणि तशीच थिजली.

"मावशी, हे काय आहे?"

"जावयाच्या जेवणाचा नमुना."

"यावर 'मीठ कमी' लिहिलंय. तू कुत्र्याचं खातेस?"

"चाखते. खाणं वेगळं, चाखणं वेगळं. वकील झालीस आणि एवढाही फरक कळत नाही?"

भाची वकील होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यातली अडीच तिने भाडेकरूंच्या भांडणात घालवली होती. तिने बाटली तशीच ठेवली आणि त्या फ्रिजमधलं पाणी पुन्हा कधी प्यायली नाही.

त्या सोमवारी सकाळी अक्काने नवं पाकीट फोडलं. पाकिटावर हसरा कुत्रा होता, सोनेरी अक्षरं होती, आणि 'तज्ज्ञ पशुवैद्यांनी मान्य केलेले' असा शिक्का होता. तिने भिजवलं, चाखलं. कडू लागलं. तिने चिठ्ठीवर लिहिलं, 'कडू'. आणि वाटी खाली ठेवली.

हे पुढे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही, पण आपल्यापासून लपवून काय उपयोग? हॉस्पिटलमध्ये असली चव लागली असती तर तिने पातेलं मोरीत उलटं केलं असतं आणि आचाऱ्यांची चामडी लोळवली असती. पण इथे तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं, तो शिक्का वाचला आणि स्वतःशी म्हणाली, औषधी काहीतरी घातलं असेल. तब्येतीला चांगलं असतं ते कडूच असतं, आयुष्यभर तेच तर शिजवत आले.

जावयाने वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्यात नवल काय? तो रोजच रुसायचा. सहा वर्षांत एकदाही पहिल्या हाकेला जेवला नव्हता. अक्काने त्यावर दोन पळ्या गरम सूप ओतलं, गुडघे कुरकुरत असताना जमिनीवर बसली आणि हाताने घास पुढे केला. "खा रे बाबा. किती भाव खाशील?" त्याने तिच्याकडे बघितलं आणि खाल्लं. तीन दिवस हेच चाललं. तीन डब्या, तीन चिठ्ठ्या, तिन्हींवर कडू.

गुरुवारी तो ओकायला लागला. शनिवारी त्याचे डोळे पिवळे झाले. सोमवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात, पत्र्याच्या टेबलावर, तो गेला. जाताना त्याचं डोकं अक्काच्या तळहातावर होतं आणि ते इतकं जड झालं की तिला पहिल्यांदा वाटलं, आता हा झोपला.

दवाखान्याचे डॉक्टर माणसांशी फारसं बोलत नसत. त्यांनी जावयाच्या कानामागे खाजवलं, मग चष्मा पुसत म्हणाले, "यकृत गेलं. बुरशीचं विष आहे हे. या आठवड्यातलं पाचवं जनावर, आणि पाचही जणांकडे याच कंपनीचं पाकीट." त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. "पाकीट फेकू नका. त्याच्यावरचा उत्पादनाचा क्रमांक महत्त्वाचा आहे. आणि एखादा वकील गाठा."

वकील घरातच होता. भाची संध्याकाळी आली, अक्काच्या शेजारी बसून आधी पोटभर रडली, मग नाक पुसून कायद्याचं बोलायला लागली. "मावशी, पहिलं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही वस्तू आहे."

"म्हणजे खुर्चीसारखी?"

"तसंच. आणि वस्तूची किंमत खरेदीच्या पावतीवरून ठरते. तू त्याला विकत घेतला नव्हतास."

"म्हणजे फुकटची खुर्ची."

"चिडू नकोस ना. आपल्याकडे रस्ते आहेत. अन्न खात्याकडे तक्रार करता येईल, ते तपासणीला येतील, पण तोवर माझी मुलं कॉलेजात जातील."

"तुझं लग्न कुठे झालंय?"

"तेच म्हणतेय मी. दुसरा रस्ता म्हणजे बाकीच्या चौघांना गाठून एकत्र दावा लावायचा. तिसरा, ग्राहक न्यायालय. तिथे वकिलाशिवायही उभं राहता येतं, पण तू एकटी उभी राहिलीस तर अध्यक्षांनाच झापशील, तेव्हा मी येते. पण सगळ्यात आधी कंपनीला नोटीस."

बाकीचे चौघे कंपनीने आधीच गुंडाळले होते हे नंतर कळलं. नोटिशीला उत्तर पंधरा दिवसांत आलं, गुळगुळीत कागदावर. त्यात कंपनीला अतीव दुःख झालं होतं. आपल्या लाडक्या सदस्याच्या निधनाबद्दल सहवेदना म्हणून त्याच खाण्याची बारा पाकिटं मोफत मिळण्याचं कुपन जोडलं होतं, आणि कुपन वापरणाऱ्याने याविषयी कुठेही वाच्यता करायची नाही असं खाली बारीक अक्षरांत होतं. बाकीच्या चौघांनी सही केली होती, त्यातल्या एकाकडे तर दुसरा कुत्रा होता. पण अक्काचं डोकं कुपनामुळे फिरलं नाही. ते फिरलं शेवटच्या ओळीमुळे. 'सदर प्रकार ग्राहकाने घरी केलेल्या अयोग्य साठवणुकीमुळे घडला असावा.'

"साठवणूक?" अक्का म्हणाली. तिने ती ओळ परत वाचली. "मला? साठवणूक?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दुसऱ्या आचाऱ्याने ती ओळ मोठ्याने वाचली आणि दहा जण हातातली कामं टाकून हसत सुटले. हसता हसता एकदम गप्प झाले, कारण अक्का हसत नव्हती. तिच्याविषयी कुणी असं लिहू शकतं आणि ते कागदावर कायम राहू शकतं, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिने भाचीला फोन केला आणि दोनच शब्द बोलली. "दावा लाव."

आणि मग डब्या निघाल्या. जावई ओकायला लागला त्याच दिवशी अक्काने तिन्ही डब्या बर्फाच्या कप्प्यात टाकल्या होत्या. भाचीने त्या बघितल्या आणि तिला आनंदाने नाचायचंच बाकी राहिलं. "मावशी! तुला कळतंय का तू काय करून ठेवलंयस? कुठल्याच ग्राहकाकडे असा पुरावा नसतो! तारखेसकट!" मग तिने चिठ्ठी नीट वाचली. दुसऱ्या डबीची वाचली. तिसऱ्या डबीची वाचली. मग खुर्चीवर बसली.

"मावशी, हे 'कडू' कुणी लिहिलं?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"खायला देण्याआधी?"

अक्का डबीचं झाकण घट्ट करत राहिली. भाचीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "त्यांचा वकील मला सोलून काढेल. कळत असून दिलं म्हणेल. दावा गेला, आणि वर साऱ्या गावात बोभाटा की हॉस्पिटलच्या अक्काने कडू लागलेलं अन्न वाढलं." तिने तिन्ही डब्या टेबलावर ओळीने लावल्या. मग उठली. "मी तुला काहीही कर असं सांगत नाहीये. मी वकील आहे, मला तसं सांगता येत नाही. मी फक्त बाहेर जाऊन एक फोन करून येते. प्रयोगशाळेला तारीख लागते, चव लागत नाही. कात्री त्या खणात असते ना?"

फोन पाच मिनिटं चालला, पलीकडे कुणी नसताना. भाची आत आली तेव्हा तिन्ही चिठ्ठ्या अर्ध्या झाल्या होत्या आणि अक्का मोरीशी उभी राहून हात धूत होती. तिने ते बराच वेळ धुतले.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिन्ही डब्यांत विष, आणि तेही मर्यादेच्या कितीतरी वर. भाची खूश झाली. अक्का अहवाल घेऊन स्वयंपाकघरात गेली नाही. त्या दिवसांत ती पातेल्याशी चमचा घेऊन उभी राहायची, चाखायची, आणि चिठ्ठी लिहिताना तिचा हात अडखळायचा. दुसऱ्या आचाऱ्याने विचारलं, "अक्का, जिभेला काही झालंय का?" तर त्याच्यावर खेकसली, की तू तुझी कांदे चिरायची सुरी बघ.

सुनावणीची खोली म्हणजे एखाद्या बँकेची जुनी शाखा वाटावी अशी होती. वर पंखा, खाली फायली, मध्ये तीन खुर्च्या आणि मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. बाई साठीच्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभर बिघडलेल्या मिक्सरच्या तक्रारी ऐकल्याचा शीण होता. कंपनीचा वकील मात्र ताजातवाना होता. त्याने तक्रार वाचली, 'जावई' शब्दाशी थांबला आणि म्हणाला, "महोदया, मृताच्या नात्याबाबत आमचा थोडा गोंधळ आहे." मागच्या बाकांवर हशा पिकला. भाचीने पुटपुटत म्हटलं, "सांगितलं होतं, कागदावर टोपणनाव नको." अक्का ढिम्म हलली नाही.

मग त्याने डब्यांचे फोटो पुढे ठेवले. "बाई, तुम्ही लेखी दिलंय की तुम्ही प्रत्येक जेवण चाखता आणि चव लिहून ठेवता. अठ्ठावीस वर्षांची सवय. बरोबर?"

"बरोबर."

"या तीन चिठ्ठ्यांवर फक्त तारीख आहे. आणि खालची कड कात्रीने कापलेली दिसते. चव कुठे गेली?"

भाचीला खोकल्याची उबळ आली. खोटीच.

"असू दे," वकील मधाळ आवाजात म्हणाला. "चिठ्ठी नसली तरी तुम्ही आहात. तुम्हीच सांगा. सोमवारी पाकीट फोडल्यावर चव कशी होती?"

त्याने सापळा असा लावला होता की बघणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. 'ठीक होती' म्हणावं तर माल चांगला होता, म्हणजे तो तिच्या घरी बिघडला. 'वाईट होती' म्हणावं तर कळत असून खायला घातलं. भाचीने आदल्या दिवशी दहादा बजावलं होतं की 'ठीक' म्हण, साठवणुकीचं मी बघून घेईन, माझ्याकडे तुझ्या फ्रिजच्या तापमानाची नोंद आहे. अक्काने दहादा मान डोलावली होती. पण ती आता चवीबद्दल बोलणार होती, आणि चवीबद्दल ती आजवर कुणाशी खोटं बोलली नव्हती. डॉक्टरांशी नाही, अन्न निरीक्षकांशी नाही, मरणाऱ्या माणसाशीसुद्धा नाही.

"कडू," अक्का म्हणाली.

भाचीने डोळे मिटले.

"चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं. तिन्ही चिठ्ठ्यांवर. कात्री मी चालवली. या मुलीने नाही."

वकिलाला एवढं यश झेपेना. "म्हणजे अन्न कडू आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही ते प्राण्याला दिलंत."

"दिलं."

"तुम्हाला काही झालं नाही?"

"मी चमचाभर चाखलं. तो वाटीभर खायचा."

"मग त्याच्या मृत्यूला जबाबदार तुम्हीच!"

"अर्धी," अक्का म्हणाली. "उरलेली अर्धी तुमच्या कंपनीकडे. ती तुम्ही उचला, माझी मी उचलते."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. त्यांचा शीण कुठल्या कुठे गेला होता. "बाई, तुम्ही डॉक्टरांचंही ऐकत नाही असं इथे लिहिलंय. मग कडू लागल्यावर का दिलंत?"

अक्काने दोन्ही हातांनी समोरची लाकडी पट्टी धरली. "पाकिटावर शिक्का होता. तज्ज्ञांनी मान्य केलेलं. मी सातवी शिकले. अठ्ठावीस वर्षं मी माझ्या जिभेपुढे कुणाचं चालू दिलं नाही, कारण ते माणसांचं जेवण होतं. हे कुत्र्याचं. मला वाटलं, त्यातलं मला काय कळतं. आणि तो नको म्हणत होता. त्याला कळलं होतं. तो रोज रुसायचा, म्हणून मला वाटलं आजही रुसलाय. मी सूप घालून, जवळ बसून, हाताने भरवलं. तो पोटासाठी जेवला नाही, माझ्यासाठी जेवला."

पंखा फिरत होता. मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही.

"तुम्ही पाकीट कधी फोडलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्याच सकाळी. पाच मिनिटं आधी."

"म्हणजे फोडलं तेव्हाच कडू होतं." त्यांनी चष्म्यावरून वकिलाकडे बघितलं. "मग साठवणूक कधी झाली, वकीलसाहेब? त्या पाच मिनिटांत?"

भाचीने डोळे उघडले. वकिलाने फायलीचं पान उलटलं. सापळ्याला मागूनही दार असतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भाचीच्याही नव्हतं. अध्यक्षबाईंनी विचारलं, की तुमच्याकडे हा माल कोण तपासतं. वकील म्हणाला, अत्याधुनिक यंत्रणा आहे. बाई म्हणाल्या, यंत्रणेचे कागद आणा. महिन्याने कागद आले. त्या मालाच्या सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने 'समाधानकारक' लिहिलेलं होतं, आणि तपासणीची तारीख अशी होती की त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.

चिठ्ठ्या कापल्याबद्दल अध्यक्षबाईंनी अक्काला उभं करून चांगलं झापलं आणि भाचीकडे बघत म्हणाल्या, की वकिलांनी फोन जरा कमी करावेत. बाईंना ते कुठून कळलं, देव जाणे. बहुधा त्यासुद्धा कधीकाळी तरुण वकील होत्या.

निकाल लागला तेव्हा दुपारची वेळ होती. भाची धावतच स्वयंपाकघरात आली, ओट्या-पातेल्यांमधून वाट काढत, कागद उंच धरून. "मावशी, जिंकलो! सगळा माल बाजारातून परत मागवायचा. भरपाई. जाहीर माफी, वर्तमानपत्रात, पहिल्या पानावर! आणि त्यांनी लिहिलंय की पाळीव प्राणी ही फक्त वस्तू मानता येणार नाही!" दुसऱ्या आचाऱ्याने झाकणावर डाव आपटला, भांडी घासणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सूप उतू गेलं तरी कुणी कुणाला ओरडलं नाही.

अक्काने हात पुसले, चष्मा लावला आणि निकाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. तिला वेळ लागला. शेवटच्या पानावर ती थांबली आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

भाचीने अभिमानाने वाचून दाखवलं. "'तक्रारदाराने सर्वसामान्य ग्राहकाप्रमाणे वेष्टनावरील मजकुरावर विश्वास ठेवला. सदर मृत्यूबाबत तक्रारदाराचा कोणताही दोष आढळून येत नाही.' बघितलंस? कोणताही! पूर्ण निर्दोष!"

"याच्यावर अपील करता येतं का?"

"कंपनी करेल कदाचित. करू दे, आपण बघून घेऊ."

"कंपनीचं नाही विचारत. मला."

"तू जिंकलीयस मावशी. अपील कशावर करणार?"

"सगळ्यावर नाही. या एका ओळीवर. ही चुकीची आहे."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. भाचीने कागदाकडे बघितलं, मग मावशीकडे. "नाही गं," ती शेवटी म्हणाली. "आपल्याला निर्दोष ठरवलं म्हणून कुणाला अपील करता येत नाही. कायद्यात तशी सोयच नाही."

अक्काचं बोट त्या ओळीवरून हललं नाही.

"मग मी हे घेऊन कुठे जाऊ?" तिने विचारलं.